अरण्याचा राखणदार

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात एक विस्तीर्ण अरण्यप्रदेश पसरलेला आहे. त्याच्या पश्चिमेस ड्रेकेन्सबर्ग पर्वताचे उंच कडे आहेत आणि पूर्वेस लेबोंबो नावाची ठेंगणी डोंगररांग आहे. उत्तरेला लिंपोपो नदी वाहते, दक्षिणेला क्रोकोडाइल नदी. या चौकटीत मैलच्या मैल काटेरी झाडे, वाळलेले गवत, वाळूचे नाले आणि काळ्या खडकांच्या टेकड्या यांवाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. परंतु या ओसाड दिसणाऱ्या भूमीत सिंह गर्जतात, हत्तींचे कळप नदीवर पाणी पिण्यास येतात, जिराफ झाडांच्या शेंड्यांवरील पाला ओरबाडतात आणि इंपाला हरिणांचे तांडे वाऱ्यासारखे धावतात. जगातील नाना देशांतून लाखो प्रवासी दर वर्षी हे दृश्य पाहण्यासाठी येथे येतात. हेच प्रसिद्ध क्रूगर राष्ट्रीय उद्यान होय. त्याची लांबी सुमारे ३६० किलोमीटर आहे आणि क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे.

हे अरण्य आज जसे दिसते, तसे ते नेहमीच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दिवसभर भटकूनही एखादे हरीण दिसणे हा भाग्ययोग समजला जाई. उजाड झालेले ते रान पुन्हा प्राण्यांनी गजबजले, याचे पुष्कळसे श्रेय एका माणसाच्या चव्वेचाळीस वर्षांच्या चिकाटीकडे जाते. त्या माणसाचे नाव जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन.

जेम्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. त्यांचे घराणे स्कॉटलंडमधील जमीनदारांचे होते. रग्बी येथील नामांकित शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे सॅन्डहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडून १८८८ साली ते घोडदळात अधिकारी झाले. त्यांची पलटण प्रथम दक्षिण आफ्रिकेत गेली आणि त्या भूमीचे त्यांना जे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही. १८९८ मध्ये ते झांबेझी नदीच्या खोऱ्याचा शोध घेण्यास निघालेल्या एका मोहिमेत सामील झाले. महिनोन् महिने रानावनांतून प्रवास करताना प्राण्यांच्या पाऊलखुणा, त्यांच्या सवयी, वाऱ्याची दिशा, पाणवठ्यांच्या जागा या साऱ्या गोष्टींचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. त्या काळच्या बहुतेक गोऱ्या प्रवाशांप्रमाणे तेही शिकार करीत. परंतु बंदुकीच्या बारापेक्षा टिपणवहीवर त्यांचा जीव अधिक होता.

इतक्यात १८९९ साली ब्रिटिश आणि बोअर यांच्यात युद्ध पेटले. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ब्रिटिशांच्या बाजूने लढले आणि युद्धाच्या अखेरीस मेजरच्या हुद्द्यावर पोचले. १९०२ मध्ये युद्ध संपले. बोअरांचे ट्रान्सव्हाल राज्य ब्रिटिशांच्या हाती आले. त्या राज्याच्या कागदपत्रांत एक लहानसा ठराव धूळ खात पडला होता. साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधील मुलखात शिकारीस बंदी करावी, असा तो ठराव होता. बोअरांचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या राजवटीत १८९८ साली तो अमलात आला होता, परंतु लगेच युद्ध सुरू झाल्याने त्याची अंमलबजावणी कागदावरच राहिली होती. नव्या सरकारने हे साबी अभयारण्य पुढे चालविण्याचे ठरविले आणि त्याचा मुख्य रक्षक म्हणून स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांची नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. एक-दोन वर्षे हे काम करून आपण सैन्यात परत जाऊ, असा त्यांचा विचार होता.

त्यांना नेमून देणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्या प्रदेशाची फारशी माहिती नव्हती. नकाशे अपुरे होते, नियम ठरलेले नव्हते, हाताखाली माणसे नव्हती. शिकाऱ्यांना कोणाचीही भीडभाड न ठेवता त्रस्त करून सोडावे, एवढीच काय ती त्यांना मिळालेली सूचना! एक बैलगाडी, काही घोडे आणि थोडे सोबती घेऊन १९०२ च्या हिवाळ्यात ते पर्वताचा उतार उतरून त्या रानात शिरले.

तेथे त्यांना काय आढळले? जवळजवळ रिकामे अरण्य. गेली कित्येक वर्षे शिकाऱ्यांनी कातडी, शिंगे आणि हस्तिदंत यांच्यासाठी तेथील प्राण्यांची बेसुमार कत्तल केली होती. त्यानंतर १८९६ साली बुळकांडीची भयंकर साथ आली. तिने पाळीव गुरे तर मारलीच, पण रानरेडे आणि हरिणेही हजारोंनी मेली. त्यातून जी वाचली, ती युद्धाच्या काळात सैनिकांच्या पोटात गेली. पांढरा गेंडा त्या भागातून समूळ नाहीसा झाला होता. साबी अभयारण्यात हत्ती तर एकही उरला नव्हता. उत्तरेकडे ओलिफान्ट्स आणि लेटाबा या नद्यांच्या संगमाजवळ जेमतेम दहाएक हत्ती वावरत असल्याची बातमी १९०५ साली मिळाली, तेव्हा केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करावी.

साबी नदीच्या काठी एक अर्धवट राहिलेला रेल्वेमार्ग येऊन थांबला होता. युद्धकाळात सैनिकांनी तेथे एक लहानशी गढी उभारली होती. त्या गढीत स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी आपले ठाणे केले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती अशी, की शिकारबंदीचा नियम सर्वांना सारखाच लागू होईल, हे कृतीने दाखवून दिले. तोपर्यंत गोऱ्या माणसाने केलेला गुन्हा गोरे अधिकारी पोटात घालीत. या नव्या रक्षकाने मात्र चोरटी शिकार करणाऱ्या गोऱ्यांवर, इतकेच नव्हे तर प्रत्यक्ष पोलीस खात्यातील माणसांवरही खटले भरले. त्यामुळे त्यांना शत्रू पुष्कळ झाले. परंतु अभयारण्याची हद्द ओलांडताना शिकारी दहा वेळा विचार करू लागले.

पाठोपाठ त्यांनी अभयारण्याचा विस्तार करण्याचे मनात घेतले. साबी नदीच्या उत्तरेकडील जमीन अनेक कंपन्यांच्या मालकीची होती. त्यांना त्या जमिनीतून त्या वेळी काहीच उत्पन्न नव्हते. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन जोहान्सबर्गला गेले, एकेका कंपनीच्या कचेरीचे उंबरे झिजविले आणि काही वर्षांपुरती ती जमीन संरक्षणाखाली देण्यास मालकांना राजी केले. १९०३ साली अगदी उत्तरेकडील सिंगवित्सी हे दुसरे अभयारण्यही त्यांच्या ताब्यात आले. असा प्रचंड मुलूख मूठभर रक्षकांनी सांभाळावयाचा होता. गोरे रक्षक बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या हाताखाली त्याच भागातील आफ्रिकी पहारेकरी. रानाची खरी पारख या पहारेकऱ्यांना होती. वाळलेल्या मातीवरील पुसट पाऊलखूण पाहून प्राणी कोणता, किती वेळापूर्वी गेला, जखमी आहे की धडधाकट, हे ते सांगत. रात्री-अपरात्री, पायी, तुटपुंज्या वेतनावर त्यांनी केलेल्या गस्तीवरच हे सारे काम उभे होते. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे इतिहासाने नोंदली आहेत.

हे काम किती धोक्याचे होते, ते एका प्रसंगावरून कळून येईल. हॅरी वोल्हुटर नावाचे एक रक्षक स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांच्या हाताखाली होते. १९०३ च्या ऑगस्ट महिन्यात ते गस्तीवरून परत येत होते. सोबतचे पहारेकरी आणि सामानाची गाढवे मागे राहिली होती. दिवस मावळून अंधार पडला होता. वोल्हुटर घोड्यावर होते आणि त्यांचा कुत्रा बरोबर धावत होता. एकाएकी गवतातून एका सिंहाने घोड्यावर झेप घेतली. घोडा उसळला, वोल्हुटर खाली फेकले गेले, आणि पडले ते जवळच असलेल्या दुसऱ्या सिंहाच्या पुढ्यात! त्याने त्यांचा उजवा खांदा जबड्यात धरला आणि तो त्यांना फरफटत नेऊ लागला. उजवा हात निकामी झालेला. बंदूक कोठे पडली ती कळेना. अशा स्थितीतही वोल्हुटर यांचे भान सुटले नाही. कमरेला एक सुरी होती, तिची त्यांना आठवण झाली. डावा हात पाठीमागून नेऊन त्यांनी मोठ्या कष्टाने ती उपसली, हलक्या हाताने सिंहाच्या काळजाची जागा अजमावली आणि दोन वार केले. तिसरा वार गळ्यावर बसला. सिंहाने त्यांना सोडले आणि थोडे दूर जाऊन तो कोसळला.

संकट अजून टळले नव्हते. घोड्याच्या मागे लागलेला पहिला सिंह रक्ताचा माग काढीत परत येणार, हे वोल्हुटर यांना ठाऊक होते. रक्तबंबाळ अवस्थेत ते एका झाडावर चढले आणि शुद्ध हरपून खाली पडू नये म्हणून त्यांनी स्वतःला फांदीशी बांधून घेतले. तो सिंह आलाच. परंतु इमानी कुत्र्याने भुंकून भुंकून त्याला झाडापासून दूर ठेवले. अखेर मागे राहिलेले पहारेकरी तेथे येऊन पोचले. त्यांनी आपल्या जखमी साहेबाला रानातून कित्येक दिवसांची वाट तुडवीत इस्पितळात पोचविले. वोल्हुटर वाचले, आणि बरे होताच पुन्हा त्याच रानात कामावर रुजू झाले. पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे सेवा केली. ती सुरी आणि त्या सिंहाचे कातडे आजही त्या उद्यानात जपून ठेवलेले आहे.

स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना तेथील लोकांनी एक नाव दिले होते. ते नाव स्कुकुझा. त्सोंगा भाषेतील या नावाचे दोन अर्थ सांगतात. झाडून साफ करणारा, हा एक; आणि सगळे उलथेपालथे करणारा, हा दुसरा. या नावामागे कौतुक होते, तसेच दुःखही होते. अभयारण्याचे काम हाती घेतल्यावर प्रारंभीच्या काळात स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी मूळच्या हद्दीत राहणाऱ्या दोन-तीन हजार आफ्रिकी रहिवाशांना आपली घरे, शेते आणि वाडवडिलांच्या समाध्या सोडून बाहेर जावयास लावले. माणसे राहिली म्हणजे शिकार होणारच, अशी त्यांची समजूत होती. वास्तविक ज्या गोऱ्या शिकाऱ्यांनी हे रान रिकामे केले होते, ते तेथले रहिवासी नव्हतेच. पिढ्यान् पिढ्या प्राण्यांच्या शेजारी राहिलेल्या माणसांना मात्र त्याची झळ सोसावी लागली. पुढे नव्याने जोडलेल्या भागातील रहिवाशांना त्यांनी तेथेच राहू दिले. तरी त्यांना खंड भरावा लागे आणि श्रमही करावे लागत. एका चांगल्या कार्याची किंमत ज्यांचा काही अपराध नाही अशांनी मोजावी, ही गोष्ट न्यायाची नव्हे. थोर पुरुषाचे चरित्र वाचताना त्याच्या कार्याची ही बाजूही दृष्टीआड करून चालत नाही.

आणखी एका बाबतीत त्यांची प्रारंभीची समजूत चुकीची ठरली. परंतु तेथे त्यांनी स्वतःच आपले मत बदलले. हरिणे वाढावयाची असतील, तर त्यांना खाणारे प्राणी मारले पाहिजेत, असे त्या काळी सर्वजण मानीत. म्हणून सिंह, बिबटे, रानकुत्रे, मगरी, एवढेच काय पण काही शिकारी पक्षीसुद्धा रक्षकांच्या गोळीस बळी पडत. पहिल्या पंचवीस वर्षांत अशा रीतीने हजाराहून अधिक सिंह मारले गेले. परंतु स्टीव्हन्सन-हॅमिल्टन डोळसपणे पाहणारे गृहस्थ होते. सिंह म्हातारे, दुबळे आणि आजारी प्राणी आधी गाठतो आणि त्यामुळे कळप निरोगी राहतो, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्येचा तोल निसर्ग आपला आपण राखीत असतो. माणसाने त्यात शक्य तितकी कमी ढवळाढवळ करावी, असे त्यांचे ठाम मत बनले. आज शाळेतील मुलांनाही निसर्गाचा समतोल ही गोष्ट ठाऊक असते. त्या काळी मात्र सिंहाला जगू द्यावे, असे म्हणणारा माणूस लोकांच्या थट्टेचा विषय होत असे.

अभयारण्याचे सर्वांत मोठे शत्रू चोरटे शिकारी नव्हते. जमीन हवी असलेली माणसे, हे खरे शत्रू होते. प्राण्यांची संख्या जसजशी वाढू लागली, तसतशा तक्रारीही वाढल्या. मेंढपाळांना हिवाळ्यात चराऊ रान हवे होते. खाणवाल्यांना कोळसा हवा होता. जमीनमालकांना आपल्या जमिनी परत पाहिजे होत्या. शेतकरी म्हणत, की सरकार येथे सिंहांची पैदास करीत आहे. आणखी काहीजण म्हणत, की रानटी जनावरांमुळे त्सेत्सी माशी परत येईल आणि आमची गुरे मरतील. ही माशी रानटी जनावरांच्या रक्तावर जगते आणि पाळीव गुरांना प्राणघातक रोग देते, हे खरे होते. परंतु बुळकांडीच्या साथीबरोबर ती त्या भागातून नाहीशी झाली होती, आणि रानातील कळप कितीतरी पटींनी वाढूनही ती परतली नव्हती. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ही वस्तुस्थिती अहवालांतून पुनःपुन्हा मांडीत. पण ज्याला जमीन हवी आहे, त्याला पुरावा नको असतो. आज ना उद्या एखादा मंत्री कागदावर सही करील आणि आपले सारे श्रम मातीला मिळतील, ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे होती.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यात परत गेले, गॅलिपोलीच्या रणभूमीवर गेले आणि नंतर काही काळ सुदानमध्ये शासकीय अधिकारी होते. १९२० साली ते पुन्हा साबीच्या काठी आले. आता त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. केवळ सरकारी हुकमावर उभे असलेले अभयारण्य टिकणार नाही. ते संसदेच्या कायद्याने राष्ट्राचे उद्यान झाले पाहिजे. अमेरिकेत यलोस्टोन येथे १८७२ मध्येच असे उद्यान झाले होते. परंतु कायदा व्हावयाचा, तर लोकांची मने वळली पाहिजेत. आणि ज्या लोकांनी ते अरण्य कधी पाहिलेच नाही, त्यांना त्याविषयी प्रेम कसे वाटणार?

या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे आगगाडीने आणून दिले. १९२३ साली दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वे खात्याने प्रवाशांसाठी नऊ दिवसांची एक सहल आखली. तिची गाडी अभयारण्यातून जावयाची होती. पण ती रात्रीच्या वेळी, प्रवासी झोपेत असताना! बाभळीची खुरटी झुडपे आणि रान पाहण्यात कोणाला काय गोडी असणार, असे रेल्वेच्या अधिकाऱ्यांना वाटत होते. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी संधी ओळखली. गाडी अभयारण्यात मुक्कामाला थांबवावी, अशी त्यांनी विनंती केली. त्याप्रमाणे साबीच्या पुलाजवळ गाडी थांबू लागली. रक्षक प्रवाशांना थोडे अंतर रानात हिंडवून आणीत. रात्री मोठी शेकोटी पेटे. तिच्याभोवती गाणी होत, रानातल्या गोष्टी रंगत आणि मध्येच दूरवरून सिंहाची गर्जना ऐकू येई. सारे क्षणभर स्तब्ध होत. पाहता पाहता साऱ्या सहलीत हाच मुक्काम सर्वांच्या आवडीचा ठरला. बंदुकीवाचून प्राणी नुसते पाहण्यासाठीही माणसे पैसे खर्च करून येतात, हे प्रथमच सर्वांच्या लक्षात आले. प्रवासी आपापल्या गावी परत गेले ते त्या अरण्याचे मित्र होऊनच. वर्तमानपत्रांतून लेख येऊ लागले. रेल्वेनेही चित्रे आणि जाहिराती यांच्याद्वारे या प्रदेशाचा प्रचार सुरू केला.

१९२४ मध्ये पीट ग्रोब्लर हे जमीन खात्याचे मंत्री झाले. ते अध्यक्ष क्रूगर यांच्या नात्यातले होते. त्यांनी या कल्पनेस मनःपूर्वक पाठिंबा दिला. उद्यानास क्रूगर यांचे नाव द्यावयाचे ठरले, तेव्हा बोअर लोकांनाही ते आपले वाटू लागले. ज्या क्रूगर यांच्या राज्याविरुद्ध स्टीव्हन्सन-हॅमिल्टन तरुणपणी लढले होते, त्याच क्रूगर यांच्या नावाच्या उद्यानाची राखण त्यांना करावयाची होती! परंतु त्यांनी नावाचा मान-अपमान पाहिला नाही. कार्य सिद्धीस जाते आहे, एवढेच पाहिले. ३१ मे १९२६ रोजी हे विधेयक संसदेपुढे आले आणि सर्व पक्षांनी एकमुखाने त्याला संमती दिली. एक-दोन वर्षांसाठी आलेल्या या माणसाने त्या दिवसाची चोवीस वर्षे वाट पाहिली होती. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

१९२७ साली उद्यान मोटारगाड्यांसाठी खुले झाले. प्रवेशाचे शुल्क एक पौंड होते. पहिल्या वर्षी आल्या अवघ्या तीन मोटारी. दुसऱ्या वर्षी १८० आल्या आणि तिसऱ्या वर्षी ८५०! रस्ते कच्चे, पूल थोडे, नद्या ओलांडण्यास तराफे. मुक्कामासाठी गोल झोपड्या बांधण्यात आल्या. अशा एका मुक्कामाचे नाव साटारा असे आहे. हे नाव ऐकून महाराष्ट्रातील मुलांना आपल्या साताऱ्याची आठवण होईल. परंतु त्याचा उगम वेगळा सांगतात. त्या भागाची मोजणी करणाऱ्या भूमापकाचा मदतनीस एक हिंदी मनुष्य होता. सतरा क्रमांकाच्या जमिनीला त्याने आपल्या भाषेत जो आकडा सांगितला, त्यावरूनच हे नाव पडले, असे म्हणतात. कोठला हिंदुस्थान आणि कोठले ते आफ्रिकेतील रान! पण एक शब्द समुद्र ओलांडून तेथे कायमचा वस्तीला राहिला.

प्रवाशांच्या बाबतीत रक्षकांना एक मोठे नवल वाटले. ज्या सिंहांना आजवर सर्वांनी शत्रू मानले होते, नेमके तेच पाहण्यासाठी लोक सर्वांत अधिक आतुर असत. सिंहही मोटारीला भीत नसत. मोटार जवळ आली, तरी ते सावलीत आळसावून पडून राहत. मात्र मोटारीतून कोणी पाय बाहेर टाकला, की त्यांचा नूर पालटे. म्हणून हळूहळू नियम करण्यात आले. मोटारीतून उतरू नये, वेगाने हाकू नये, अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नये. हिवतापाच्या भीतीमुळे उन्हाळ्यात व पावसाच्या दिवसांत उद्यानाचा बराचसा भाग बंद ठेवीत. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना प्रवाशांची गर्दी नेहमीच मनापासून रुचत असे असे नाही. उद्यान हे करमणुकीचे प्राणिसंग्रहालय होऊ नये, येणाऱ्याने पाहुण्यासारखे यावे आणि रानाला रानासारखे राहू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. परंतु या गर्दीनेच अरण्याला जीवदान दिले आहे, हेही ते जाणून होते.

या धावपळीतही त्यांची लेखणी थांबली नाही. आफ्रिकेतील प्राणिजीवनावरील त्यांचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला होता. त्याला अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रस्तावना लिहिली होती. १९३७ साली त्यांनी आपल्या अरण्याची कहाणी ग्रंथरूपाने सांगितली. १९३० मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांचा हिल्डा यांच्याशी विवाह झाला. साबीच्या काठचे त्यांचे ठाणे आता मोठे झाले होते. १९३६ साली त्या ठाण्यास स्कुकुझा हेच नाव देण्यात आले. ज्या नावात लोकांनी आपला राग आणि आदर एकत्र गुंफला होता, ते नाव नकाशावर कायमचे कोरले गेले.

१९४६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते सेवानिवृत्त झाले. उद्यानापासून फार दूर नसलेल्या व्हाइट रिव्हर या गावाजवळ त्यांनी आपले उरलेले आयुष्य घालविले. १० डिसेंबर १९५७ रोजी, नव्वद वर्षांचे होऊन त्यांनी देह ठेवला. पुढे १९७९ साली पत्नीच्या निधनानंतर दोघांची रक्षा स्कुकुझाच्या दक्षिणेस असलेल्या शिरिमांतांगा नावाच्या खडकाळ टेकडीवर विखुरण्यात आली.

त्यांच्यामागे त्यांचे कार्य वाढत गेले. नाहीसे झालेले पांढरे गेंडे १९६१ पासून दुसऱ्या प्रांतातून आणून तेथे पुन्हा सोडण्यात आले. एके काळी जेथे दहा हत्ती मोजणे कठीण होते, तेथे आज वीस हजारांहून अधिक हत्ती आहेत. २००२ साली शेजारच्या मोझांबिक आणि झिंबाब्वे या देशांशी करार होऊन सीमा ओलांडणाऱ्या विशाल संरक्षित प्रदेशाची योजना झाली. मात्र संकटे संपली नाहीत. एकविसाव्या शतकातही शिंगांच्या लोभाने शेकडो गेंडे मारले गेले आहेत आणि रक्षकांना पूर्वीइतक्याच जागरूकतेने गस्त घालावी लागते.

माणसांवरील अन्यायाचे परिमार्जनही थोडे फार झाले. उद्यानाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या माकुलेके लोकांना १९६९ साली तेथून बळाने हलविण्यात आले होते. दक्षिण आफ्रिकेत सर्वांना समान हक्क देणारे राज्य आल्यावर, १९९८ साली त्यांची जमीन त्यांना परत मिळाली. तेव्हा त्यांनी काय करावे? तेथे नांगर धरण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. ती भूमी वन्य प्राण्यांसाठीच राखावी आणि येणाऱ्या प्रवाशांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातून आपल्या गावांचा उत्कर्ष साधावा, असा निर्णय त्यांनी घेतला. ज्यांना एके काळी अरण्याचे शत्रू समजून दूर केले, तेच त्याचे राखणदार झाले.

स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांच्या जीवनातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एखादे काम आपले मानले, म्हणजे त्याचे फळ दिसण्यास चोवीस वर्षे लागली तरी धीर सोडू नये, ही एक. आणि आपले मत चुकीचे आहे असे अनुभवाने दाखविले, तर ते बदलण्यास लाजू नये, ही दुसरी. सिंहांच्या बाबतीत त्यांनी हे केले. माणसांच्या बाबतीत जे त्यांच्या हातून राहून गेले, ते पुढील पिढ्यांनी थोडेफार केले. अरण्य हे एकट्या माणसाच्या पहाऱ्याने दीर्घकाळ टिकत नाही. त्याच्या कडेला राहणाऱ्या सर्वांना जेव्हा ते आपले वाटते, तेव्हाच ते चिरकाल हिरवे राहते.